दादाच्या नळ्या

सोमवार, ४

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. औषधकंपनीच्या माणसाने लॅबच्या मॅडमना दिलेली, त्यांनी कोरीच माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "लिहीत जा, अक्षर सुधारेल." छापलेले वार यंदा जुळत नाहीत, ते खोडून मी खरे घालतो. सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हा पोरगा कधी एका जागी स्वस्थ बसला तर मला बोलवा, मी बघायला येईन. या मास्तर. बसलोय.

बसलोय कारण खोलीत करण्यासारखं काही नाही. दादाची खाट रिकामी आहे. तो भाजलेल्यांच्या वॉर्डात आहे.

आम्ही दोघं भाऊ एकाच हॉस्पिटलात कामाला. आधी दादा आला, तळघरात बॉयलरवर. मग माझ्यासाठी शब्द टाकून मला वर लॅबमध्ये चिकटवलं. घर इतकं लांब की गाडीत दोन झोपा होतात तरी उतरायचं स्टेशन येत नाही. गेल्या आठवड्यात वाफेच्या पाइपचा सांधा सुटला आणि दादा नेमका समोर उभा. उजवा हात, मान, अर्धी छाती. मी धावत खाली गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि जोडीदारावर ओरडत होता, "आधी तो वाफेचा कॉक बंद कर, मग माझ्याकडे बघ!"

आज भेटायला गेलो तर पट्ट्यांत गुंडाळलेला. माझे डोळे भरले तसा म्हणाला, "काय रे भिंगरी, रडायला काय झालं? अंडं उकडलं तर लोक सोलून तरी खातात. मला नुसतंच गुंडाळून ठेवलंय."

भिंगरी म्हणजे मी. लहानपणापासून माझा पाय एका जागी ठरत नाही म्हणून. दुसऱ्या कुणी अशी हाक मारली असती तर मी मारायला धावलो असतो.

आईला फोन करायला त्यानेच सांगितलं आणि काय बोलायचं तेही पढवलं. "हाताला जरा चटका बसलाय, एवढंच." मी तसंच बोललो. आई म्हणाली, "मग फोन तो का करत नाही?" म्हटलं, हात बांधलाय. "तोंड बांधलंय का त्याचं?" आईपुढे माझं काही चालत नाही. सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "माझे गुडघे गेले नसते तर आजच गाडीत बसले असते. तू आहेस ना त्याच्याजवळ?"

आहे म्हटलं.

बुधवार, ६

कुणी विचारलं की लॅबमध्ये काय करतोस, तर मी सांगतो, जंतूंचा स्वयंपाकी आहे. खोटं नाही. पावडर वजन करायची, पाण्यात विरघळवायची, बाटल्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालायच्या, काढून गार करायच्या. मॅडम त्याला ब्रॉथ म्हणतात, मी सूप म्हणतो. जंतूंना ते फार आवडतं.

सूप नळ्यांत भरून ओळीने लावून दिलं की पुढचं काम चष्म्याचं. चष्मा म्हणजे आमचा टेक्निशियन. त्याची काच इतकी जाड की त्याचे डोळे आधी दिसतात आणि तो नंतर. तो एकेका नळीत औषध कमी कमी करत जातो आणि रुग्णाच्या जखमेतला जंतू आत सोडतो. दुसऱ्या दिवशी नळी गढूळ दिसली की जंतू वाढला, औषध हरलं. नितळ राहिली की औषध जिंकलं. मी याला कुस्ती म्हणतो. चष्मा म्हणतो, "तुझ्यासारख्या माणसाला इथे ठेवलंय हीच खरी कुस्ती आहे."

सूप गार झालं की त्यात दोन छोट्या बाटल्यांतलं क्षारांचं पाणी घालायचं असतं, एकीत कॅल्शियम, दुसरीत मॅग्नेशियम. आजवर मुकाट्याने घालत आलो. आज मॅडमना विचारलं, हे कशाला? दादा आत पडल्यापासून त्या माझ्याशी जास्त बोलतात. हातमोज्यांच्या खोक्यावर पेनने चित्र काढलं.

"हा बघ, स्यूडोमोनास. याला बाहेरून एक जादा कातडी असते. तिच्यावर चरबी आणि साखर मिळून झालेले कण दाटीने उभे. पण सगळ्यांवर ऋण भार, म्हणजे एकमेकांना ढकलणार. मग त्यांना धरून कोण ठेवतं? हे कॅल्शियम, मॅग्नेशियम. यांचा भार धन. सदऱ्याच्या बटणांसारखे मध्ये बसतात."

"आणि औषध काय करतं?"

"त्याचाही भार धन. ते येतं, बटण उडवतं आणि त्या जागी स्वतः बसतं. कातडी उसवली की आत घुसतं. बटणं भरपूर असली की मग त्याला जड जातं."

"मग आपण का पुरवतो बटणं? दुश्मनाला?"

मॅडम हसल्या. "अरे, माणसाच्या रक्तात ती असतातच. जे अंगात आहे तेच नळीत हवं. नाहीतर औषध नळीत जिंकेल आणि अंगात हरेल."

कळलं म्हटलं. चष्मा लांबून म्हणाला, "मॅडम, याला काय कळतंय? उद्या विचारेल जंतूचा शिंपी कोण." सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला पटलं नाही. ज्याला मारायचं त्यालाच बटणं लावून तयार करायचं आणि मग औषधाला म्हणायचं, जा, लढ. मोठ्यांचे नियम असतात. आपण घालायचं.

शनिवार, ९

आज दादाची पट्टी बदलताना मी तिथेच होतो. सिस्टरनी आतला थर उचलला आणि वास आला. गोडसर, जास्त पिकलेल्या द्राक्षांसारखा. लॅबच्या उबदार कपाटातून चष्मा स्यूडोमोनास वाढवलेल्या बशा काढतो तेव्हा खोलीभर हाच वास असतो. पट्टीवर हिरवा डाग होता. सिस्टरांचे हात हळू झाले.

दादा म्हणाला, "तोंड का उतरलं रे तुझं?"

"वासाने."

"मग? आठवडाभर आंघोळ नाही, अत्तराचा येईल होय?"

हसताना मान ओढली गेली तसा त्याने ओठ चावला. सिस्टरनी जखमेवर कापसाची काडी फिरवली आणि नळीत घालून बंद केली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच येईल. देव करो आणि औषध लागू पडो."

मला आठवत होता तो याच वॉर्डातला, खिडकीजवळच्या खाटेवरचा टॅक्सीवाला. गेल्या महिन्यात त्याच्या जंतूच्या नळ्या मीच भरल्या होत्या. सगळ्या गढूळ झाल्या. एकही औषध चालत नाही असा रिपोर्ट गेला. संध्याकाळी मी दादाला डबा द्यायला तळघरात निघालो होतो, वाटेत वॉर्डाच्या दारातून दिसलं. डॉक्टर कागद हातात धरून उभे, त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं, हळू आवाजात काही सांगितलं. मग त्याच्या खाटेभोवती पडदा लावला. दोन दिवसांनी गेलो तर पडदाही नव्हता आणि खाटेवर नवी चादर होती.

म्हणजे असं आहे. रिपोर्टावर "चालत नाही" आलं की डॉक्टर हात टेकतात. मग माणूस किती का लढेना.

जेवायला बसलो आणि उठलो.

सोमवार, ११

चष्मा सकाळीच म्हणाला, टोमणा न मारता, "स्यूडोमोनासच आहे. आज नळ्या लावायच्या." मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरी जातोस का? आज ब्रॉथ दुसरं कुणी करेल."

"नाही मॅडम. दादाच्या नळ्या मीच भरणार."

आता जे केलं ते लिहितो. बोलता येत नाही कुणाशी, आणि आत मावत पण नाही.

सूप गार झालं. क्षारांचं पाणी घालण्याआधी मी त्यातलं थोडं एका लहान बाटलीत काढून ठेवलं. मग मोठ्या बाटलीत दोन्ही क्षार मापाने घातले, एक थेंब कमी नाही. इतर रुग्णांच्या नळ्या मोठ्या बाटलीतून भरल्या. त्यांच्याशी मला लबाडी करायची नव्हती. दादाच्या मात्र दोन्ही ओळी लहान बाटलीतून. एक ओळ जेंटा नावाच्या औषधाची, दुसरी कोलिस्टिनची. बघून कुणाला फरक कळणार नाही, दोन्ही सुपं सारखीच पिवळी.

बटणं दिली नाहीत मी त्याला. दुसऱ्या कुणाच्या जंतूला देईन, माझ्या दादाला खाणाऱ्याला नाही देणार.

दोन मार्कांनी नापास होणाऱ्या पोराला मास्तर दोन मार्क वाढवून देतातच की. मी औषधाला दिले. वर्ष वाया जात नाही त्याने कुणाचं.

सूप भरताना मी एकदाही जागेवरून हललो नाही. चष्मा म्हणाला, "आज तू माणसासारखा काम करतोयस." इतकी वर्षं दादानेच माझं सगळं केलं. शाळेची फी, पहिली चप्पल, ही नोकरी. भांडण मी करायचो आणि मार तो खायचा. आज पहिल्यांदा मी त्याच्यासाठी काहीतरी केलं.

मंगळवार, १२

नितळ! नितळ! दोन्ही ओळी नितळ!

चष्म्याने नळ्या उजेडाकडे धरल्या, पुन्हा धरल्या. "अरे, तुझ्या भावाचा जंतू तर अगदीच नरम निघाला." मॅडमनी स्वतः येऊन बघितल्या. खूश झाल्या. रिपोर्ट मीच वॉर्डात नेला, लिफ्टची वाट न बघता जिना चढून गेलो.

वॉर्डाचे डॉक्टर तरुण आहेत, झोप झालेली नसते त्यांची कधी. वाचून म्हणाले, "वा, दोन्ही चालतात. मग जेंटाच सुरू करू. कोलिस्टिन मूत्रपिंडाला फार जड जातं, ते राखून ठेवू." आणि लगेच सिस्टरना सांगितलं. पडदा नाही, बाहेर बोलावणं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

दादाला सांगितलं, "दादा, तुझा जंतू हरला."

"माझ्याकडे राहून काय शिकणार बिचारा? मी तरी कधी जिंकलोय?"

"तू गप रे."

"बरा झालो की तुला नवे बूट घेतो. हे बघवत नाहीत."

आईला फोन केला. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

शुक्रवार, १५

ताप उतरत नाही. सिस्टर म्हणतात, औषधाला वेळ लागतो.

शनिवार, १६

डॉक्टर आज दादाजवळ बराच वेळ उभे होते. कागद पुन्हा वाचला. सिस्टरना म्हणाले, "रिपोर्ट तर चांगला आहे. जेंटा चालायला हवं. डोस वाढवू, अजून थोडं थांबू." मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, बघितलंत? रिपोर्ट चांगला आहे म्हणून हा माणूस मागे हटत नाही. टॅक्सीवाल्याच्या वेळी असं कुणी थांबलं नव्हतं.

दादाला मी पाणी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं. म्हणाला, "भिंगरी, जरा बस ना रे माझ्याजवळ. सारखा काय ये-जा करतोस." बसलो. त्याच्या डाव्या हाताची बोटं गरम होती, इस्त्रीसारखी. त्याला झोप लागली तरी मी उठलो नाही.

रविवार, १७

दादा बरळतोय. थंडी वाजून खाट हलते. "कॉक बंद कर" एवढंच पुन्हा पुन्हा. मी कानाशी जाऊन सांगितलं, दादा, बंद केलाय, मी केलाय. तेव्हा जरा शांत झाला.

जंतू रक्तात उतरलाय म्हणाले. रक्त पुन्हा लॅबला पाठवलं.

मंगळवार, १९

मॅडमनी रजा दिली आहे. मी वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर असतो. बाक लोखंडी आहे आणि त्याला मधोमध एक दांडा आहे, कुणी आडवं होऊ नये म्हणून. ज्याने बनवला त्याचं कुणी आत नसणार.

आईला काय सांगू कळत नाही म्हणून फोन उचलला नाही. मग तिचाच पुन्हा आला. म्हणाली, "उचलत नाहीस म्हणजे मला कळलंच." मग आम्ही दोघंही कानाला फोन लावून बसलो.

बुधवार, २०

दुसरा रिपोर्ट आला. जेंटाच्या नळ्या गढूळ. सगळ्या. कोलिस्टिनच्या तेवढ्या नितळ.

मी धावत लॅबमध्ये गेलो. चष्म्याला म्हटलं, "असं कसं? आधी हरला होता की जेंटापुढे!"

त्याने चष्मा काढून पुसला. पहिल्यांदाच त्याचे डोळे नुसते बघितले, लहान आहेत. "जंतू शिकतात रे. औषध बघून बघून निर्ढावतात. असेल तसं."

"नळ्या कुणी भरल्या?"

"मीच. तू नव्हतास ना."

मग बरोबर. मी रजेवर नसतो तर माझ्या हाताने भरल्या असत्या. बाकावर नुसता बसून मी काय मिळवलं? जिथे माझा उपयोग होता तिथे मी नव्हतो.

दुपारपासून कोलिस्टिन सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, "आधीच सुरू करता आलं असतं तर..." आणि सिस्टरकडे वळले. दादाच्या खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी दुपारपासून तशीच आहे, भरत नाही.

शुक्रवार, २२

दादा गेला.

सकाळची वेळ होती. सिस्टर पट्टी बदलायला आल्या होत्या, ट्रे हातात होता. ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कात्री विसरल्या.

सोमवार, २५

मामा आले होते. दादाला इथेच पोचवलं. आई येऊ शकली नाही. मामा म्हणाले, "तिला आणलं असतं तर मला एकट्याला परत नेता आली नसती."

मामांनी दादाचे कपडे घड्या करून पिशवीत भरले. त्यांना म्हटलं, बूट ठेवा, मला येतात. ते गेल्यावर घालून बघितले. येत नाहीत. मोठे होतात.

बुधवार, २७

खोली खायला उठते म्हणून आज कामावर गेलो. मॅडम दारातच भेटल्या. "बस," म्हणाल्या.

त्यांनी दादाचा पहिला जंतू फ्रीजमध्ये जपून ठेवला होता, तो जिवंत आहे. माझा दादा नाही, तो आहे. मॅडमनी तो बाहेर काढून पुन्हा जेंटासमोर सोडून बघितला. पुन्हा पुन्हा बघितला.

"दर वेळी गढूळ," त्या म्हणाल्या. "तो नंतर शिकला नाही रे. पहिल्या दिवसापासूनच त्याच्यावर जेंटा चालत नव्हतं. मग त्या दिवशी आपल्या नळ्या नितळ कशा राहिल्या? बाकी सगळ्यांच्या बरोबर आल्या, फक्त याच्याच चुकल्या. टेक्निशियन म्हणतो त्याने काही चूक केली नाही. मला नीट आठवून सांग, त्या दिवशी ब्रॉथ कुठल्या बाटलीतलं होतं?"

मी सांगितलं. लपवायचं कशाला? चोरी थोडीच केली होती. लहान बाटली, क्षार न घातलेलं सूप, फक्त दादाच्या ओळी. "औषधाला जरा बळ मिळावं म्हणून, मॅडम. आणि तुम्हीच बघा, डॉक्टरांनी शेवटपर्यंत हात टेकले नाहीत."

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. टेबलाची कड धरून उभ्या होत्या. मग विचारलं, "आणखी कुणाच्या नळ्यांना असं केलंस?"

"छे, छे. बाकीच्यांचं सगळं नियमाने."

त्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धुवायला लागल्या. हात स्वच्छच होते. पाणी वाहतंय, त्या धुतायत, माझ्याकडे पाठ. चष्मा दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने ऐकलं असणार. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. तो नुसता आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. चष्मा! माझ्या डोक्यावर!

"हे कुणाला बोललास का?" मॅडमनी पाठमोरंच विचारलं.

"नाही."

"आईला?"

"अजून नाही."

तेव्हा त्या वळल्या. "सांगू नकोस. माझं ऐक. आईला कधीच सांगू नकोस."

"नोकरी जाईल म्हणून म्हणताय का मॅडम?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. नोकरी जाईल म्हणून." वॉर्डाच्या डॉक्टरांशी आणि वरच्या साहेबांशी मी बोलते, लॅबची चूक झाली, जबाबदारी माझी आहे असं लिहून देते, म्हणाल्या. नियम मोडला मी आणि स्वतःवर घेतायत त्या. एवढं कोण करतं परक्यासाठी?

मग त्यांनी क्षारांच्या दोन्ही बाटल्या माझ्या फळीवरून उचलल्या, आपल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप घातलं. याचं मात्र वाईट वाटलं. इतका काही मी बेभरवशाचा नाही.

खोलीवर आलो. एक विचार दारापर्यंत येतो. तो यायला लागला की मी उठून चालायला लागतो. आज नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो आणि पुन्हा गेलो. पाय दुखले. झोप लागेल आता.

शुक्रवार, २९

उद्या सकाळच्या गाडीने घरी जातो. मॅडमनी महिन्याची रजा दिली, म्हणाल्या, परत यायचं की नाही ते तिथे जाऊन ठरव, घाई करू नकोस.

दुपारी आईचा फोन आला. आता ती रडत नाही, एकच गोष्ट धरून बसली आहे. "शेवटी त्याचं सगळं परक्या हातांनीच झालं ना रे? पाणी परक्याने पाजलं, पट्टी परक्याने बांधली. इतकं मोठं केलं मी त्याला. आणि आपल्या माणसाचा हात त्याला लागला नाही."

म्हटलं, "आई, मी होतो ना. पाणी मी पाजलं."

"पाणी पाजलंस रे. पण त्याला वाचवायला आपलं कुणी काय करू शकलं? डॉक्टर परके, औषध परकं. आपण नुसते बसून राहिलो, तू तिथे, मी इथे. हेच मला गिळता येत नाही."

तिचा आवाज असा होता की मला राहवलं नाही. "नुसता बसलो नव्हतो आई. मी केलं. माझ्या हाताने केलं, इथल्या कुणीही केलं नसतं असं."

"काय केलंस?"

"आल्यावर सांगतो. फोनवर नीट सांगता येणार नाही."

"ये मग. लवकर ये. तेवढं ऐकायला तरी जीव धरून बसते."

मॅडम म्हणाल्या सांगू नकोस. त्यांचं मन मोठं आहे, पण आई त्यांची नाही, माझी आहे. नोकरी गेली तर गेली, हमाली करीन. आईला एवढं तरी मिळालं पाहिजे. आता गाडीत बसल्यावर मनात सगळं नीट लावून घेईन, म्हणजे तिच्यासमोर अडखळायला होणार नाही. तिच्या पायाशी बसेन आणि सांगेन, आई, सूप मी शिजवलं, दादाच्या नळ्या मी भरल्या, आणि बाकी सगळ्यांना जे दिलं ते त्याच्या जंतूला मी दिलं नाही. पहिल्यापासून सगळं सांगेन. काही गाळणार नाही.